सव्वाचार लिटर, असं पुस्तकात आहे

माझ्या जावयाने मला न विचारता माझी तारीख रद्द केली. दातांच्या डॉक्टरची केली असती तर मी त्याला वर केक खाऊ घातला असता. पण त्याने रद्द केली ती आल्फोन्सच्या गॅरेजमधली, माझ्या गाडीचं तेल बदलायची. परस्पर फोन उचलला आणि म्हणाला, "आईंची गाडी यंदा येणार नाही." आल्फोन्सला वाटलं, मी आणि गाडी दोघी एकदमच गेलो. तो बिचारा मेणबत्ती घेऊन दारात हजर.

ही तारीख तीस वर्षांची आहे. ईस्टरच्या आदल्या आठवड्यातला मंगळवार. माझे यजमान ओयगेन होते तोवर ते गाडी न्यायचे. त्यांना जाऊन सात वर्षं झाली, तेव्हापासून मी नेते. आल्फोन्स जुनं तेल काढतो, नवं घालतो, मी बाकावर बसून त्याच्या बायकोच्या पडद्यांना नावं ठेवते, आणि दोघंही समाधानाने आपापल्या जेवणाला लागतो. यात कोणाचं काय बिघडत होतं?

बिघडत होतं फोल्कमारचं. फोल्कमार म्हणजे हाच जावई. आमच्या गुडरुनने शहरातून आणलेला. "मोटारीच्या कारखान्यात आहे" असं सांगतो, तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं, याच्या हातात पाना असेल. पाना त्याने जन्मात धरलेला नाही. नव्या गाडीबरोबर जे जाडजूड पुस्तक मिळतं ना, ते ह्यांच्या खात्यात तयार होतं, आणि फोल्कमारचं काम त्यातली पानं कमी करायचं. एकोणीस वर्षं पानं कमी करतोय, आणि माझी गाडीही त्याच कारखान्याची. एक पान वाचलं की लाख गाड्यांमागे लाख पानं वाचतात, म्हणतो. आमच्या श्वाबेनमध्ये, जर्मनीच्या या काटकसरी कोपऱ्यात, वाचवणाऱ्याला कोणी नावं ठेवत नाही, मीही ठेवली नाहीत. पण पुस्तकात काटकसर करणारा माणूस माझ्या इंजिनात काटकसर करायला लागला, तिथे मी उठून बसले.

रविवारी जेवायला आले तेव्हा सूप वाढता वाढता विचारलं, "का रे, माझी तारीख कोणाला विचारून मोडलीस?"

"आई, पुस्तकात स्वच्छ लिहिलंय. तीस हजार किलोमीटर किंवा दोन वर्षं. तुम्ही दर वर्षी बदलता. वर्षाला दोन हजार किलोमीटरसुद्धा होत नाहीत तुमचे. चांगलं तेल फेकून देता!"

"ओयगेन दर वर्षी बदलायचे."

"तेव्हाचं तेल वेगळं होतं. आता आम्ही गाड्या वाळवंटात पळवून बघतो, बर्फात पळवून बघतो, मग आकडा छापतो."

"मी वाळवंटात जात नाही," मी म्हटलं. "मी पावाच्या दुकानात जाते. सहाशे मीटर. आणि दफनभूमीत जाते. आठशे मीटर."

"मग काय! इंजिनाला श्रमच नाहीत," म्हणाला आणि तिसऱ्यांदा श्पेट्झले, म्हणजे अंड्याच्या शेवया, वाढून घेतल्या. जेवण झाल्यावर अंगणात जाऊन गाडीचं झाकण उघडलं, तेल मोजायची पट्टी ओढून काढली आणि माझ्या भरतकामाच्या फडक्याला पुसली. ते फडकं माझ्या लग्नातलं. "बघा, सोन्यासारखं आहे," म्हणाला. तेल की फडकं, ते सांगितलं नाही.

मी शाळेत सहा हिवाळे गेले. उन्हाळ्यात गाई असायच्या. त्यामुळे पुस्तकाशी भांडायची माझी लायकी नाही, असं घरातल्या सगळ्यांचं मत आहे, आणि मी ते त्यांच्यापाशी राहू दिलंय. पण त्या दिवसापासून मी दर शनिवारी पट्टी बघायला लागले. पूर्वी कधी बघितली नव्हती, ते आल्फोन्सचं काम. पट्टीवर दोन खुणा असतात, तेल त्या दोघींच्या मध्ये असावं. मे महिन्यात ते वरच्या खुणेला टेकलं होतं. जूनमध्ये खुणेच्या वर. ऑक्टोबरमध्ये शिवणाची टेप लावून मोजलं, तर वरच्या खुणेच्याही वर बोटभर.

म्हणजे माझी गाडी तेल पीत नव्हती. तेल देत होती!

खोटं कशाला सांगू, मला गर्व झाला. शेजारच्या ओटिलीची गाडी नवी, लाल, आणि दर दोन महिन्यांनी बाटलीभर तेल मागते. मी पावाच्या दुकानात, रांगेत, मुद्दाम मोठ्याने सांगितलं, "आमची गाडी उलट वाढवते." सगळी रांग वळली. मग सल्ले सुरू झाले. आमच्या गावात पाव घ्यायला आलेला प्रत्येक माणूस आतून मेकॅनिक असतो. एक म्हणाला, पाणी शिरलंय. दुसरा म्हणाला, पट्टी उलटी घातली असेल. पाद्रीबाबांची स्वयंपाकीण म्हणाली, तिच्या आजोळी एका मूर्तीतून तेल पाझरायचं, बिशपकडून माणूस येऊन बघून गेला होता. ओटिली म्हणाली, "वालबुर्गा, चष्मा बदल." ही ओटिली, जिने गेल्या वर्षी माझ्या जिरॅनियमना प्लास्टिकचे समजून पुसलं होतं.

फक्त गोटहिल्फ काही बोलला नाही. गोटहिल्फ समोर राहतो, निवृत्त पोस्टमन, चौऱ्याहत्तर वर्षांचा. तो बोलला नाही म्हणजे काहीतरी गंभीर आहे हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. संध्याकाळी अंगणात आला, पट्टी ओढली, नाकाशी नेली आणि माझ्या नाकाशी धरली.

पेट्रोल.

मी साठ वर्षं स्वयंपाक केलाय. लोणी कडवट व्हायच्या आदल्या दिवशी मला कळतं. ते पेट्रोलच होतं.

गुडरुनला फोन केला तर फोल्कमारनेच उचलला. "आई, पेट्रोल टाकीत असतं," इतक्या मायेने म्हणाला की कानाला साखर चिकटली. "या वयात वासाचं जरा इकडेतिकडे होतं. मी आणि गुडरुन बोलतच होतो की, आता गाडी राहू दे. कुठे जायचं असेल तर आम्ही आहोत की."

आम्ही आहोत की! सत्तर किलोमीटरवर आहेत. मला सकाळी सात वाजता पाव हवा असला तर हा सहाला निघणार आहे का? टेकडीवर दफनभूमी, माझा उजवा गुडघा, हातात पाण्याचा डबा. ती गाडी नसेल तर ओयगेनच्या फुलांना पाणी कोण घालणार, ओटिली? ती पुसेल.

मी म्हटलं, "पैज लाव. सर्व संतांच्या सणाला, एक नोव्हेंबरला, कबरींवर फुलं ठेवायला तुम्ही सगळे येताच. तोवर तेलाचा निकाल लावते. मी चुकले तर किल्ली तुझ्या हातात. तू चुकलास तर?"

तो हसला. "तर वर्षभर दर शनिवारी येऊन तुमचा फुटपाथ झाडेन."

आता हे शहरी लोकांना विनोदी वाटतं. आमच्या गल्लीत ज्याच्या दाराला पाळीची लाकडी पाटी टांगलेली, त्याने त्या आठवड्यात फुटपाथ झाडायचा, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, फटीतल्या गवतासकट, शनिवारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. बावन्न वर्षांत माझ्या पाळीत कोणाला काडी सापडलेली नाही. ओटिली शोधते.

आल्फोन्सला फोन केला. "ये बाई, पण तीन आठवड्यांनी," तो म्हणाला. ऑक्टोबरची अखेर. सगळा देश हिवाळी टायर लावायला रांगेत. "तुझी तारीख ईस्टरची होती, ती तुझ्या घरच्यांनीच मोडली. आता पोपसुद्धा आला तरी टायर लावून जाईल."

तीन आठवड्यांत सण होऊन किल्ली गेली असती. मी गोटहिल्फच्या दारात उभी राहिले.

"आपल्या अंगणात तेल काढायला बंदी आहे," गोटहिल्फ म्हणाला. "जलसंरक्षण. दंड होतो. थेंबभर तेलाने विहीरभर पाणी नासतं. मी तुला स्पष्ट सांगतो, वालबुर्गा, मी या गोष्टीच्या पूर्ण विरुद्ध आहे." हे सगळं सांगेपर्यंत त्याने निळा डगला घातला होता, तळघरातून लोखंडी रॅम्पची जोडी आणली होती आणि सतरा नंबरचा पाना खिशात ठेवला होता. चाळीस वर्षं पत्रं वाटलेल्या माणसाला एक तरी बेकायदा गोष्ट करायची इच्छा राहून गेलेली असते.

सणाचा आदला दिवस, शनिवार, सकाळ. माझा फुटपाथ झाडून झाला होता. पाटी माझ्याच दारावर होती. गाडी रॅम्पवर चढवली, म्हणजे गोटहिल्फने हात हलवले आणि मी चढवली. अंगणाला रस्त्याकडे उतार आहे, हे आम्हा दोघांनाही पन्नास वर्षं माहीत होतं. त्या सकाळी दोघांच्याही लक्षात आलं नाही.

"भांडं केवढं हवं?" मी विचारलं.

"पुस्तकात बघ किती मावतं ते."

पुस्तक गाडीच्या खणात होतं. आकडे मला छान वाचता येतात. सव्वाचार लिटर. घरात पाच लिटरचं एकच भांडं, निळ्या काठाचं, बटाट्याच्या सॅलडचं. ओयगेनच्या तेराव्याला, म्हणजे आमच्याकडे दफनानंतर जे जेवण असतं त्याला, त्यात तीनदा सॅलड झालं होतं आणि एक चमचाही उरला नव्हता. मन घट्ट केलं आणि आणलं. सव्वाचार लिटर पाच लिटरच्या भांड्यात मावणार, यात शाळेचा काय संबंध?

गोटहिल्फ गाडीखाली सरकला. फक्त बूट बाहेर. बूच फिरल्याचा आवाज आला आणि मग धार. तेल जाड पडायला हवं, मधासारखं. हे पडत होतं चहासारखं.

"वालबुर्गा," बूट म्हणाले, "अर्धं भांडं झालं."

"होऊ दे."

"वालबुर्गा, पाऊण."

"सव्वाचारच आहे."

"वालबुर्गा, काठाला आलं! दुसरं भांडं आण!"

मी स्वयंपाकघरात धावले. धावले म्हणजे माझ्या गुडघ्याच्या परवानगीने. सॉसचं पातेलं घेऊन परत येईपर्यंत निळ्या काठावरून एक काळी जीभ बाहेर आली, अंगण उतरली, फाटकाखालून गेली आणि माझ्या झाडलेल्या फुटपाथवर, माझ्या पाळीत, पसरली. गोटहिल्फने घाईत बाहेर येताना भांड्याला कोपर मारलं, त्यानेही मदत झाली.

ओटिली खिडकीत होती. ती खिडकीत जन्मली असावी. "ओढ्याकडे चाललंय!" ती ओरडली आणि फोन केला. तेल शोषायला मांजराच्या शौचाची माती टाकली असती तर अर्ध्या तासात काम झालं असतं. ओटिलीकडे दोन मांजरं आहेत. पण तिने माती नाही, अग्निशमन दल दिलं.

भोंगा वाजला. आमचं दल म्हणजे गावातलेच बारा जण, पावाच्या रांगेतलेच. शिरस्त्राणं घालून आले, शिडीसकट. तेलाला शिडी कशाला, विचारलं तर म्हणाले, सराव. नाल्याच्या तोंडावर आडोसा केला, फुटपाथवर पांढरी पूड ओतली, म्हणजे जे काळं होतं ते आता राखाडी झालं आणि तिप्पट जागेवर. बावन्न वर्षं. मी एप्रन सारखा केला आणि ओटिलीच्या खिडकीकडे पाठ करून उभी राहिले.

दलाचा प्रमुख भांड्यावर वाकला, वास घेतला आणि एकदम मागे सरला. "सिगारेट कोणी पेटवू नका! हे तेल नाही, यात भरपूर पेट्रोल आहे."

"जोरात म्हण," मी म्हटलं. "ओटिलीला ऐकू दे."

मग आले पाणी खात्याचे श्री. टीलमान. शनिवारची पाळी होती बहुतेक, कारण तोंड तसंच होतं. हातात फॉर्म, पेन दोरीला बांधलेलं. दलाने सगळं मोजून दिलं होतं: भांड्यातलं, पातेल्यातलं आणि पुडीने शोषलेलं.

"बाई, एकूण पावणेसहा लिटर. इंजिनात मावतं किती?"

"सव्वाचार."

त्यांनी पेन थांबवलं. "मग उरलेलं दीड लिटर कोणाचं?"

"माझंच."

"तुमच्या इंजिनात ते मावत नाही. म्हणजे दुसऱ्या वाहनाचं तेलही इथे काढलंय. तो वेगळा रकाना आहे, आणि वेगळा दंड."

"अहो, गाडीने वाढवलं!"

श्री. टीलमान यांनी लिहिलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं: "वाहनमालकीण म्हणते की इंजिन तेल तयार करते." फुटपाथवरचे बारा जण शिरस्त्राणात हसले. आयुष्यात मला इतकं कोणी सरकारी कागदावर वेडं ठरवलं नव्हतं.

नेमक्या त्याच वेळी फोल्कमारची गाडी आली. गुडरुन उतरली, तिने तोंडावर हात ठेवला. फोल्कमारने फुटपाथ बघितला, रॅम्प बघितले, माझ्या गालावरचा काळा डाग बघितला आणि श्री. टीलमान यांच्याकडे वळून, आजारी माणसाबद्दल बोलतात त्या आवाजात म्हणाला, "माझ्या सासूबाई आहेत. ऐंशी पार केलीय. आजपासून गाडी चालवणार नाहीत, ते आमचं ठरलंय." आणि माझ्यापुढे हात पसरला. रिकामा. किल्लीसाठी.

मी किल्ली मुठीत धरली. ती ओयगेनच्या कातडी साखळीत आहे.

"थांबा," श्री. टीलमान म्हणाले. त्यांना दयामाया नव्हती, रकाना भरायचा होता. "सव्वाचारचा पुरावा लागेल. पुस्तक आहे?"

मी पुस्तक दिलं. आता काही माणसं पुस्तक वाचतात आणि काही माणसं पुस्तकाच्या तळाची बारीक अक्षरं वाचतात. श्री. टीलमान दुसऱ्या जातीचे. त्यांनी खिशातून भिंग काढलं. कोणी खिशात भिंग ठेवतं? ते ठेवतात. देव त्यांचं भलं करो.

"सव्वाचार लिटर, बरोबर," ते वाचू लागले. "बदलण्याची मुदत, तीस हजार किलोमीटर अथवा दोन वर्षं. चांदणी."

"कसली चांदणी?" मी विचारलं.

"खाली टीप आहे. 'कठीण परिस्थितीत मुदत निम्मी करावी, निदान वर्षातून एकदा तेल बदलावं. कठीण परिस्थिती म्हणजे: धुळीचा प्रदेश, डोंगरात ओझं ओढणं, आणि इंजिन तापण्याआधीच संपणारा दहा किलोमीटरहून छोटा प्रवास. अशा प्रवासात पेट्रोल तेलात उतरून पातळी वाढू शकते.'"

दलातले बाराही जण पुस्तकावर वाकले.

श्री. टीलमान यांनी दीड लिटरचा रकाना खोडला. "इंजिन तेल तयार करते" हेही खोडलं, पण वाचता येईल असंच.

"इतकं महत्त्वाचं, आणि मुंगीच्या अक्षरात कोणी छापलं हे?" दलाचा प्रमुख म्हणाला.

 गुडरुनने नवऱ्याकडे वळून उत्तर दिलं, लेक कोणाची आहे! "त्या आवृत्तीत तू चौदा पानं वाचवली होतीस ना रे? तुला घड्याळ मिळालं होतं."

मी जिंकले होते. पण मला आनंद व्हायला जरा वेळ लागला, कारण ती "कठीण परिस्थिती" मला पचत नव्हती. मी! जी दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही, जी मांजराला वाट देते! पाव आणि दफनभूमी, आणि इंजिनाला ते वाळवंटाइतकं कठीण?

गोटहिल्फ हात पुसत शेजारी आला. हळूच म्हणाला, "ओयगेनला माहीत होतं. म्हणून तर तो दर रविवारी तुला तळ्यावर न्यायचा. चाळीस किलोमीटर जाऊन, चाळीस येऊन. इंजिन चांगलं तापतं, पेट्रोल उडून जातं."

इतकी वर्षं. दर रविवारी. चेरीचा केक, तळ्याकडची खुर्ची. मला वाटायचं, माझ्यासाठी नेतात.

मी ओयगेनची साखळी एप्रनला पुसली. मग मनाशी म्हटलं, केक इंजिनाने खाल्ला नव्हता. खुर्ची ओढून देत होते ती इंजिनाला नव्हे. माणूस दोन कामं एका फेरीत करत होता, हे श्वाबेनमधलं प्रेमच झालं. सात वर्षं मी त्यातलं अर्धंच पुढे चालवलं, तेल बदलत राहिले आणि तळं विसरले. यात माझी चूक आहे, पण ती फोल्कमारला सांगण्याइतकी मी म्हातारी झालेली नाही.

दंड झाला, तेल अंगणात काढल्याचा. तो मी भरणार, गोटहिल्फने निम्मा भरायचा हट्ट धरलाय, पावती त्याला फ्रेम करायची आहे. निळ्या काठाचं भांडं सात वेळा धुतलं. फोल्कमारने त्या दिवशी सॅलड घेतलं नाही, पहिल्यांदाच.

दल गेलं, श्री. टीलमान गेले. ओटिली खिडकीत उरली. फोल्कमार अजून फाटकाशी उभा होता, पसरलेला हात आता खिशात. मी घरात गेले, दारामागून झाडू काढला, दाराची पाटीही काढली आणि दोन्ही त्याच्या हातात दिलं. गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले:

"फोल्कमार, पुस्तक खोटं नव्हतं. तुझ्या गाड्याही खोट्या नव्हत्या, वाळवंटही खोटं नव्हतं. तू फक्त मी कुठे जाते ते कधी विचारलं नाहीस. आता हा झाडू धर, त्या कोपऱ्यापासून सुरू कर, आणि अक्षर न् अक्षर झाडायचं, चांदण्यांसकट. उद्या दफनभूमीतून आलो की तेल नवं घालून तळ्यावर जाऊ. चालवणार मी. तू मागे बसायचंस, आणि पुढच्या आवृत्तीत ती टीप मोठ्या अक्षरात घे. पान वाढलं तर माझं नाव सांग."